पुण्यात रोज सायकलने ऑफिसला जायचं, आणि वाटेतल्या सायकल ट्रॅकचे तुटलेले वीस फूट जोडून घ्यायचे, ते कसं

सगळ्यात पहिलं म्हणजे नवीन सायकल घेऊ नका. खरंच सांगते. जानेवारीत जोशात घेतलेली एकवीस गिअरची सायकल मे महिन्यात बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला किती उपयोगी पडते हे मी आमच्याच घरात बघितलंय. कोणाची तरी पडून असलेली मागून आणा, भाच्याची म्हणा, वरच्या मजल्यावरच्या काकांची म्हणा, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून चाकांचा आउट, म्हणजे डुगडुग, काढून, ब्रेकचे रबर बदलून घ्या आणि पंधरा दिवस फक्त भाजी आणि दूध आणायला न्या. तेवढ्यात कळतं की आपल्याला खरं काय लागतं, आणि बहुतेकांना लागतं ते हे: मडगार्ड, मागे कॅरियर, भक्कम स्टँड, घंटी, आणि बायकांनी तर पूर्ण झाकणारा चेनगार्ड बघूनच घ्यावी कारण ओढणी चेनमध्ये गेली की कात्रीशिवाय बाहेर येत नाही. गिअर असले तर बरं, नसले तरी पेठांमध्ये आणि डेक्कनला काही अडत नाही.

मी आठ वर्षं झाली ऑफिसला सायकलने जातेय, एका बाजूने साधारण सहा किलोमीटर. मी काही रविवारी पहाटे टाइट कपडे घालून सिंहगडाचा पायथा गाठणाऱ्यांपैकी नाही, त्यांचं कौतुक आहेच, पण हे सगळं लिहितेय ते डबा घेऊन जाणाऱ्या माणसासाठी. आरामात चालवली तरी ताशी पंधरा पडतो, म्हणजे सहा किलोमीटरला पंचवीस मिनिटं. सकाळी साडेनऊला स्कूटरवर मला वीस लागायची, शिवाय पार्किंग शोधायला पाच, हिशोब तुम्हीच करा.

आता रस्ता. इथे सगळे चुकतात, स्कूटरने ज्या रस्त्याने जायचे त्याच रस्त्याने सायकल काढतात आणि तिसऱ्या दिवशी घाबरून सोडून देतात. स्कूटरचा रस्ता विसरायचा. मॅपवर मोठा रस्ता पकडायचा आणि त्याला समांतर, जिथून बस जात नाही अशी गल्ली शोधायची. कर्वे रोडने डेक्कनला जायचं असेल तर नळ स्टॉपपाशी लॉ कॉलेज रोडला थोडं आत शिरून प्रभात रोडच्या गल्ल्या धरा, नंबर टाकलेल्या आहेत, झाडं आहेत, उन्हाळ्यातही डोकं तापत नाही. पुढे फर्ग्युसन रोड आणि जंगली महाराज रोड या दोघांच्या मधून आपटे रोड जातो, तो धरला की घोले रोडपर्यंत अर्धा गोंगाट कमी. नदी ओलांडायला झेड पूल, तिथे चारचाकी येतच नाही. भिडे पूल सोयीचा आहे पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की सगळ्यात आधी तोच बुडतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा रस्ता डोक्यात तयार ठेवा. हा सगळा शोध रविवारी सकाळी सातला करा, घाई नसताना, दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन बघा. अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल पण डोकं शांत राहिलं पाहिजे.

घर लांब असेल, म्हणजे मेट्रोच्या वनाज किंवा रामवाडी स्टेशनच्याही पुढे, तर सगळं अंतर सायकलने कापायचा हट्ट नको. पुणे मेट्रोत सायकल सोबत न्यायला परवानगी आहे, फक्त गर्दीच्या वेळी नेऊ नका, लोकांच्या पायावर चाक गेलं की तुमचं आणि सायकलचं दोघांचं नाव खराब. नाहीतर स्टेशनपर्यंत सायकल, तिथे कुलूप, पुढे मेट्रो. कुलूप यू आकाराचं घ्या आणि फ्रेममधून घाला, नुसत्या चाकाला लावलं तर संध्याकाळी नुसतं चाक मिळतं.

चालवताना तीन-चारच गोष्टी पण त्या सवयीच्या झाल्या पाहिजेत. पार्क केलेल्या गाड्यांपासून एक मीटर लांब. मागचे हॉर्न मारतील, मारू देत, कारण कोणीतरी मोबाईल बघत बघत ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडणार आणि ते दार थेट तुमच्या गुडघ्यावर येणार. सिग्नलला बस किंवा डंपरच्या डाव्या बाजूला, त्याच्या दाराशी उभं राहायचं नाही, त्याला तिथलं काही दिसत नाही आणि तो डावीकडे वळला तर तुम्ही फुटपाथ आणि चाकाच्या मध्ये सापडता. एक तर त्याच्या बरंच पुढे जाऊन थांबा नाहीतर मागे. उजवीकडे वळायचं असेल तर मोठ्या चौकात मधल्या लेनमध्ये घुसायची मर्दुमकी नको, सरळ जा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकल वळवा आणि तिकडचा सिग्नल सुटला की निघा, एक सिग्नल जास्त जातो पण निवांत. आणि पावसात झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचं नाही, मी घालते.

घामाबद्दल सगळे विचारतात. बॅग पाठीला लावू नका, कॅरियरला बांधा, अर्धा घाम तिथेच वाचतो. शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम हळू. ऑफिसात एक शर्ट किंवा कुर्ता आणि पंचा ठेवून द्या. बास, यावर जास्त काय लिहायचं.

एक मात्र लिहिते कारण ते कोणी सांगत नाही. ऑफिसच्या पार्किंगला पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाले दादा म्हणाले, "मॅडम, सायकल इथे नाही लावायची, मागे जनरेटरजवळ लावा, स्टाफची तिकडे असते." मी म्हटलं, अहो मी स्टाफच आहे. ते म्हणाले, "नाही, म्हणजे हाउसकीपिंग स्टाफ." त्यांची चूक नाही, ते स्वतःही सायकलनेच यायचे आणि जनरेटरजवळच लावायचे. मग अॅडमिनला मेल टाकला, दोन चारचाकींच्या जागेत पंधरा सायकली मावतात असं मापं देऊन लिहिलं, आणि लोखंडी कमानींचा स्टँड झाला, छपराखाली, सगळ्यांसाठी एकच. आज तिथे माझी सायकल आणि दादांची सायकल शेजारी असते. सुरुवात करायची तर इथूनच करा, हे महापालिकेपेक्षा सोपं आहे.

तर आता महापालिका. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे आजोबांनी शंभर वेळा सांगितलंय, सायकल कराचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस पकडायचे वगैरे. नंतर काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बसला वेगळी लेन, सुरू झाली, तिच्यासोबत सायकल ट्रॅकही आले. मग डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं कागदावर आहे. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात शेअरिंगच्या सायकली आल्या, दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. म्हणजे आराखडा नाही असं कोणी म्हणू नये, आहे, चांगला जाडजूड आहे. अडचण वेगळीच आहे.

अडचण अशी की ट्रॅक दोनशे मीटर छान जातो आणि मग एका सोसायटीच्या गेटपाशी सहा इंच खाली आदळतो, पुन्हा वर चढतो, पुढे बस स्टॉपच्या मागे संपतो, चौकात तर नसतोच. सायकलवाला तो दोनशे मीटरचा तुकडा वापरत नाही कारण त्याला माहितीये पुढे उतरायला लागणार, मग ट्रॅक रिकामा दिसतो, मग तिथे गाड्या लागतात, पाणीपुरीवाला येतो, आणि मग लोक म्हणतात, बघा, ट्रॅक केला तरी कोणी वापरत नाही. म्हणून मी गेली काही वर्षं "आम्हाला सायकल ट्रॅक द्या" असलं निवेदन कोणाला देत नाही. ते घेऊन हसतात, चहा देतात, फोटो काढतात. मी तुटलेले वीस फूट मागते. त्याचं काम एका कनिष्ठ अभियंत्याच्या सहीत बसतं, त्याला टेंडरची वाट बघायला लागत नाही.

यासाठी आधी टेप घेऊन निघायचं. पाच मीटरचा साधा मोजायचा टेप, खडू आणि मोबाईल. बरोबर एक माणूस घ्या, एकटं मोजत बसलं की लोकांना वाटतं रस्तारुंदीत आपलं घर जाणार. काय मोजायचं? ट्रॅकची रुंदी: सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटीमीटर, थोडं डुलायला जागा धरली तर एका सायकलीला एक मीटर लागतो, म्हणून एकेरी ट्रॅकला किमान दोन मीटर हवेत, नाहीतर पुढे दूधवाला असेल तर त्याच्या मागे मागेच जायचं. कडेची उंची: फुटपाथचा कठडा आणि रस्ता यात किती इंच. चेंबरची झाकणं वर आहेत की खाली, आणि किती. पावसाळी जाळीच्या पट्ट्या आडव्या की उभ्या. दिवा बंद असलेला खांब. या प्रत्येकाचा फोटो, आणि फोटोत विजेच्या खांबाचा नंबर दिसला पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे. "अमुक मेडिकलसमोर" लिहिलं तर तो मेडिकल त्यांना सापडत नाही, खांब नंबर लिहिला की सापडतो.

आणि मोजायची माणसं. सकाळी सहा ते सात एका कोपऱ्यावर उभं राहा आणि किती सायकली गेल्या त्याच्या रेघा मारा. तुम्हाला वाटेल सहा-सात जातील. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वही पुरली नाही. पेपरवाली मुलं, दूध, रात्रपाळी संपवून जाणारे वॉचमन, साइटवरचे कामगार डबा हँडलला लटकवून, स्वयंपाकाच्या एक-दोन ताई. हे लोक कुठल्याही मीटिंगला येत नाहीत, पण रस्ता त्यांचाच आहे. तो आकडा अर्जात पहिल्या ओळीत लिहा, "हौशी लोकांचं काम" हा शेरा तिथेच मरतो.

पुढचा भाग मी हनुवटीला चार टाके घेऊन शिकले. एका रस्त्यावर, नाव नको, पावसाळी पाण्याची जाळी होती, पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने उभ्या, मधली फट बोटभर नाही तर चांगली दोन बोटं. पाणी साचलेलं, जाळी दिसलीच नाही, पुढचं चाक फटीत गेलं आणि मी हँडलवरून. बरी झाल्यावर तक्रार केली. उत्तर नाही. परत केली. तक्रार "निकाली" दाखवली, जाळी तशीच. पाच महिने गेले आणि मग एका माणसाने, तिथल्याच क्लार्कने, सांगितलं की ताई तुम्ही पथ विभागाला लिहिताय, जाळी ड्रेनेजची आहे, त्यांनी ती आमची नाही म्हणून बंद केली. ड्रेनेजला लिहिल्यावर बाराव्या दिवशी टेम्पो आला, दोन माणसं, वेल्डिंगचं मशीन, जाळीवर आडव्या तीन सळया टाकल्या, वीस मिनिटं, गेले. पाच महिने आणि वीस मिनिटं.

तेव्हा कोणाचं काय ते आधी पक्कं करा. डांबर, काँक्रीट, ट्रॅक, फुटपाथ हे पथ विभाग, त्यातही बारा मीटर आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य खात्याकडे आणि त्याहून लहान असतील तर क्षेत्रीय कार्यालय. झाकणं, जाळ्या ड्रेनेजकडे. दिवे विद्युत. डोक्याला लागणारी फांदी उद्यान विभाग. टपरी अतिक्रमण. ट्रॅकवर लावलेली गाडी मात्र वाहतूक पोलीस. एका अर्जात एकच खातं आणि एकच जागा. पाच गोष्टी एका पानावर लिहिल्या की पाचही खाती म्हणतात हे दुसऱ्याचं. महापालिकेच्या पीएमसी केअर अॅपवर टाकाच, टोकन नंबर मिळतो, पण त्याचीच प्रिंट काढून क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकला देऊन शिक्का मारलेली प्रत घ्या. काम न करता तक्रार बंद केली तर नवीन फोटो काढून, त्यात त्या दिवशीचा पेपर धरून, पुन्हा टाका. पेपर धरायची आयडिया आमच्या शेजारच्या रिटायर्ड काकांची, मला आधी हसू आलं होतं, पण चालते.

अर्जाची भाषा साधी. "माननीय महोदय, खांब क्र. अमुक समोर सायकल ट्रॅक आणि रस्ता यात १५ सेंमीचा उंचवटा आहे. सकाळी ६ ते ७ या वेळात येथून इतक्या सायकली जातात. येथे १.८ मीटर लांबीचा उतार करून मिळावा. फोटो जोडला आहे." १.८ कुठून आलं, तर एकास बाराचा उतार, पंधरा सेंटीमीटर गुणिले बारा. असा उतार व्हीलचेअरलाही चालतो, म्हाताऱ्यांच्या वॉकरलाही आणि बाबागाडीलाही, आणि हे अर्जात लिहिलंत तर तुमच्या बाजूने जास्त सह्या येतात. पर्यावरण, प्रदूषण, नेदरलँड्स यातलं काही लिहू नका, जागा वाया जाते.

थोडं मोठं काम असेल, म्हणजे मंडईपाशी किंवा बागेबाहेर सायकल स्टँड, एखादा वर उचललेला क्रॉसिंग, तर सहभागी अंदाजपत्रक आहे, म्हणजे आपल्या भागातली कामं नागरिकांनीच महापालिकेच्या बजेटसाठी सुचवायची. पुण्यात २००६ पासून आहे. साधारण पावसाळा संपता संपता फॉर्म निघतात, क्षेत्रीय कार्यालयात विचारत राहा, मुदत कमी असते. आणि ट्रॅकचं नवीन काम चालू झालंय, तुम्हाला माप चुकीचं वाटतंय, तर माहिती अधिकार टाका: दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. "काम का खराब आहे" असं विचारायचं नाही, त्याला उत्तर नसतं. कागद मागायचे: मंजूर नकाशा, त्यातली ट्रॅकची रुंदी, आणि दोषदायित्व कालावधी किती. तो कालावधी संपायच्या आत उखडलेले ब्लॉक ठेकेदारालाच स्वतःच्या खर्चाने बसवायला लागतात, त्यामुळे ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

काय मागू नये तेही सांगते, कारण मीच मागून पस्तावलेय. बोलार्ड. ट्रॅकवर दुचाक्या घुसतात म्हणून तोंडाशी खांब लावायचे, सगळ्यांना सुचतं. पण टेप लावा, अॅक्टिव्हा साधारण सत्तर सेंटीमीटर रुंद आहे आणि रुंद हँडलची सायकलसुद्धा तेवढीच. म्हणजे जिथून माझी सायकल जाईल तिथून अॅक्टिव्हा जाणारच, आणि अॅक्टिव्हा अडवली तर मी आणि व्हीलचेअरवाला आधी अडकणार. त्यापेक्षा ट्रॅक आणि रस्ता यामध्ये सलग कठडा आणि गेटपाशी ट्रॅक खाली न आणता गाडीला वर चढायला लावायचं, म्हणजे गाडी आपोआप हळू होते. दुसरं, चकचकीत इंटरलॉकिंग ब्लॉक मागू नका, वर्षभरात दात पडल्यासारखे हलतात. साधं डांबर बरं. तिसरं, लहान गल्लीत ट्रॅक मागूच नका, तिथे ट्रॅकची गरजच नाही, गाड्यांचा स्पीड कमी हवा. त्यासाठी स्पीडब्रेकर, पण नियमातला: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, त्याच्यावरून सायकल बोटीसारखी जाते. आपल्याकडे रात्रीत उगवतात ते अर्धा फूट रुंदीचे उंट, त्याच्यावर डब्यातली आमटी सांडते आणि स्कूटरवाला कडेच्या मातीतून निघून जातो.

आमच्या वाटेवरचा पहिला उतार असाच झाला, अर्ज, खांब नंबर, दीड महिना. झाला त्या संध्याकाळी बघायला गेले तर सिमेंट ओलं होतं, चार विटा लावून ठेवल्या होत्या, आणि बरोबर मधून एका सायकलच्या टायरची नक्षी आरपार गेलेली. कोणीतरी वाट बघितली नाही. अजून आहे ती. त्याच्या बरोबर खाली हल्ली एक पांढरी गाडी लागते, दुपारी तीनपर्यंत, त्यामुळे आता वाहतूक शाखेचा अर्ज लिहायला घेतलाय.